तीन नंबरचं चॅनेल

आठ स्क्रू काढले. नववा लेबलखाली होता,
हे कळेपर्यंत एक कोपरा मोडला.
प्लॅस्टिकच ते, सत्त्याऐंशीच्या नाताळचं,
दहा वर्षांच्या मुलाच्या हाताच्या मापाचं.

डुलुथला जानेवारीत पाचच्या आत अंधार.
तळघरात मी, एक दिवा आणि राळेचा धूर.
एकतीस वर्षं गोदीवर तारा जोडल्या,
लोहखनिज बोटींत ओतणाऱ्या यंत्रांच्या;
तिथली तार मनगटाएवढी.
इथली केसासारखी,
आणि हात सत्त्याहत्तर वर्षांचा.

काय पण खेळणं!
गाण्याच्या कॅसेटवर चित्रं टिपायचं.
फीत नऊपट वेगानं पळे,
नव्वद मिनिटांची कॅसेट दहा मिनिटांत फस्त.
कर्टिस नवी मागायचा.
मी म्हणायचो, झाडाला लागतात का?
मग तो माझ्या पोल्कांवर डल्ला मारायचा.

त्यातलीच एक एकदा चुकून गाडीत लावली.
पोल्का नाही. नुसती घरघर,
मधमाश्यांचं अख्खं पोळं खोकतंय अशी.
चडफडत बंद केली.
ते आमचं स्वयंपाकघर होतं,
नऊपट सावकाश.
मला काय ठाऊक.

तर, आधी पत्र्याची डबी उपटली,
जी टीव्हीच्या तीन नंबरला चित्र धाडायची.
नव्या टीव्हीच्या गावीही नाही तीन नंबर.
तिच्या जागी एक ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर
आणि बाहेर लोंबणारी पिवळी पिन.
पट्ट्याचं डांबर झालं होतं:
नळाच्या दुकानातून रबराची कडी आणली,
अठ्ठ्याऐंशी सेंट, पावती आहे.
सेलचा कप्पा गंजलेला. बर्फात भोक पाडून
मासे धरायला बसतो तेव्हाच्या दिव्याची बॅटरी
बाहेरून चिकटपट्टीनं बांधली.
आता तो दिसतो
नळ्यांसकट घरी सोडलेल्या पेशंटसारखा.

वेगाचा स्क्रू केसभर फिरवला,
चित्र तिरकं ओघळलं.
आणखी केसभर,
आणि सगळे उभे राहिले.

काळ्या चौकटीत पोस्टाच्या तिकिटाएवढं घर.
राखाडी कुत्रा, राखाडी दूध.
आयलाचे हात कोपरापर्यंत पिठात.
माझे गुडघे.
पुन्हा माझे गुडघे.
एवढे कशाला काढलेत, मी म्हटलं.
आयला म्हणाली, तो तेवढाच होता.

आवाज आहे, पण मोटारच सगळं बोलते.
तिच्या कुरकुरीमागे कुणीतरी
तोंड उघडं ठेवून श्वास घेतंय,
सर्दी झालेलं.
तो स्वतः कुठेच नाही. असणार कसा?

ओव्हनच्या काचेत मात्र चार ठिपके,
पांढुरके, एकावर एक.
मी म्हटलं, हा बघ.
आयला म्हणाली, किटली.
मी रिवाइंड केलं. ठिपके डावीकडे सरकले.
किटली चालते का, मी विचारलं.
ती उठून टीव्हीच्या इतकी जवळ गेली
की मला तिची पाठच दिसत राहिली.
मग म्हणाली, जेवायला चल.

कर्टिस अँकरेजला असतो.
ऑक्टोबरपासून फोन घेत नाही.
भांडण होडीवरून झालं, सांगायलाही लाज वाटते.
होडी विकली मी, त्याला न विचारता.

खोक्यात जुने टॉवेल घातलेत. वर चिठ्ठी:
«लाल तार बॅटरीला, काळी पत्र्याला.
निळी दिसते ती खरं तर हिरवी आहे.
पिवळी पिन टीव्हीच्या पिवळ्या भोकात,
तीन नंबर शोधत बसू नकोस.
स्क्रू घट्ट करू नकोस, आटे गेलेत.
मोडलेला कोपरा माझ्या हातून.»

पोस्ट सोमवारी उघडेल.
वादळ सांगितलंय मंगळवारपर्यंत.
खोकं जिन्याच्या खालच्या पायरीवर आहे,
आयला रोज त्याला वळसा घालून जाते,
हलवत नाही.